‘जीभ दाखवा’ म्हटलं आणि पोरगं भाषा शोधत बसलं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची बरीच पोरं हल्ली डॉक्टरकीला उझबेकिस्तानला जातात, लेक्चर इंग्रजीत असतं पण वॉर्डातला पेशंट उझबेकच बोलतो, आणि तिथं एका शब्दाचे चार-चार अर्थ निघाले की पोरांची पंचाईत होते. मी स्वतः ताश्कंदला तीन वर्षं इंग्रजी शिकवलं, आता जळगावात बसून जाणाऱ्या पोरांना कामापुरतं उझबेक आणि बाकीच्यांना इंग्रजी शिकवते, म्हणून दोन्हीकडचा गोंधळ माहिती आहे. त्यावर इतकी पत्रं आलीत की हा अंक त्यातच जाणार. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पारोळा तालुक्यात आठवीला इंग्रजी शिकवतो. ‘रन’ या शब्दाचे अकरा अर्थ फळ्यावर लिहून दिले, पोरांनी उतरवून घेतले, पाठ पण केले. चाचणीत ‘द टॅप इज रनिंग’ चं भाषांतर आलं ‘नळ पळत आहे’. एकानं तर ‘नळ पळून गेला’ असं लिहिलं. माझं काय चुकलं?

उत्तर : सर, चुकलं एवढंच की अकरा दिले. आणि दुसरं म्हणजे यादीत पहिला अर्थ ‘पळणे’ लिहिला असणार, मग पोरगं पहिलंच उचलणार ना, त्याला काय माहीत कुठला लावायचा.

रन ला ‘पळणे’ नका जोडू, ‘चालणे’ जोडून बघा. दुकान चालतं, एसटी चालते, वावरातली मोटर चालते, पिक्चर तीन आठवडे चालला, अमका माणूस जिनिंग चालवतो, आणि नळ? नळ ‘चालू’ आहे. इंग्रजीत हे सगळं रन नं होतं. म्हणजे पायानं पळायचं सोडलं तर इंग्रजीचं रन आणि आपलं चालणं हे जवळपास एकाच घरातले, फक्त स्पीड वेगळा. हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की निम्मे अर्थ त्याला सांगायचीच गरज नाही, तो स्वतः काढतो. जिथं गाडी अडते तेवढंच सांगायचं, म्हणजे ‘चहा चालेल का’ ला ‘विल टी रन’ नाही, आणि निवडणुकीला अमेरिकेत माणूस रन करतो, इंग्लंडात स्टँड करतो, आपल्याकडे पण उभाच राहतो (नंतर पळतो तो भाग वेगळा).

मी एक खेळ करते, तुम्ही पण करून बघा. मागे अमळनेरला एका वर्गात गेले होते, इंग्रजीचं नावच नाही काढलं, फळ्यावर फक्त ‘लागणे’ लिहिलं आणि म्हटलं सांगा. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, लग्न लागलं, डोळा लागला, कापसाला बोंडअळी लागली, बोअरला पाणी लागलं, वांग्याचं भरीत गोड लागलं, पैसे लागतील, जावं लागेल, संडास लागली (इथं वर्ग पाच मिनिटं बंद), आणि एक मागचा पोरगा उठून म्हणाला मॅडम, ‘बस लागली’ चे दोन आहेत, एक स्टँडवर लागते आणि एक पोटात लागते. फळा भरला. मग मी म्हटलं आता या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द द्या. नाही ना देता येत. तसाच इंग्रजीवाला ‘रन’ ला मराठीत एकच शब्द मागत नाही. पोरांना तेव्हा जे कळतं ना, ते अकरा अर्थांच्या यादीनं कधीच कळत नाही, कारण लागणे चे हे सगळे अर्थ त्यांनी कधी पाठ केलेले नाहीत, तरी एकही चुकत नाही. भूक शेजारी आली की एक अर्थ, आग शेजारी आली की दुसरा. शेजारचा शब्द अर्थ सांगतो, म्हणून शिकवायचा तो शेजार. नुसतं रन नाही, ‘रन अ शॉप’, ‘रनिंग नोज’, ‘रन आउट ऑफ मनी’ असं जोडीनं द्यायचं, आणि आठवड्याला एक जोडी पुरे. सगळे अर्थ एकाच दिवशी दिले तर ते एकमेकांत घुसतात, भरलेल्या एसटीत चढल्यासारखं, खिडकी कोणालाच मिळत नाही.

कुठला अर्थ आधी द्यायचा हा पण प्रश्न आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक होते, ते आपल्याकडे बंगालात बरीच वर्षं शाळाखात्यात होते. त्यांनी १९५३ साली सुमारे २००० शब्दांची यादी छापली, आणि तिच्यातली भारी गोष्ट म्हणजे नुसते शब्द नाहीत, एका शब्दाचा कुठला अर्थ शंभरात किती वेळा वापरात येतो ते टक्क्यांत दिलंय. म्हणजे जो अर्थ दोन-चार टक्केच येतो तो आठवीत कशाला? ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका शब्दाखाली चारशेच्या वर अर्थ होते. ते शिकवायला बसलात तर तुमची पेन्शन निघेल.

अजून एक. एका अर्थातून फुटलेले अर्थ वेगळे, आणि योगायोगानं सारखे झालेले शब्द वेगळे. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ बॅट यांचा काही संबंध नाही, तिथं नातं शोधायला लावू नका, सरळ दोन शब्द म्हणून सांगा. आपला लग्नातला ‘वर’ आणि माळ्यावरचा ‘वर’ सारखं. पण डोकं म्हणजे हेड आणि शाळेचा हेड यांचं नातं आहे, ते दाखवा. गंमत बघा, इंग्रजीत साहेबाला हेड म्हणजे डोकं म्हणतात, उझबेकमध्ये पण पंतप्रधान म्हणजे ‘बॉश वझीर’, बॉश म्हणजे डोकं, आणि आपला मुख्यमंत्री? मुख्य हा शब्द मुखातून आलाय. म्हणजे त्यांनी डोकं बसवलं, आपण तोंड बसवलं. यावर मी काही बोलत नाही.

प्रश्न : मॅडम, मी चोपड्याचा आहे, यंदा समरकंदला मेडिकलला ॲडमिशन झालंय. एजंटनं उझबेक शब्दांची पीडीएफ दिली आहे. त्यात ‘ऑत’ म्हणजे घोडा, नाव, फेक, आणि ‘ओत’ म्हणजे गवत, आग, पित्त, जा असं लिहिलंय. हे पाठ करायचं का? मला तर चक्कर आली.

उत्तर : बेटा, पीडीएफ ठेव बाजूला. तुला घोड्याचं काय काम?

तुझ्या कामाचा अर्थ आधी बघ. ‘ओत’ चा तुझ्यासाठी पहिला अर्थ पित्त. ‘ओत पुफागी’ म्हणजे पित्ताशय, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर, सर्जरीच्या वॉर्डात, सगळीकडे हाच दिसणार. दुसरा अर्थ ‘ओतिंग’, म्हणजे ‘या, आत या, पुढं व्हा’, हे तुला रोज दारात ऐकू येईल, हे पण घे. परीक्षा पास झाली तरी तेच क्रियापद, वेळ गेली तरी तेच, म्हणजे आपल्या ‘पार पडणे, निघून जाणे’ सारखं पुढे सरकायचं काम. गवत आणि आग नंतर आपोआप येतील. आणि ‘ऑत’ आणि ‘ओत’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आपल्या कानाला ऑ आणि ओ चा फरक कळतो हे नशीब समज, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तेवढा पण कळत नाही. फक्त मोबाइलवर सांभाळ. त्यांच्या लॅटिन लिपीत ओ दाखवायला अक्षराच्या उजवीकडे वरच्या बाजूला एक उलट्या स्वल्पविरामासारखी खूण असते, ती लोक घाईत टाकत नाहीत, मग मेसेजमध्ये पित्ताशयाचा घोडा होतो. तिथं शेजारचा शब्द बघायचा. घोड्याला पुफागी म्हणजे फुगा-पिशवी कशी असेल.

आता मी स्वतः ऐकलेला किस्सा सांगते. आपल्याच भागातला एक पोरगा, दुसऱ्या वर्षाला, पहिल्यांदा राउंडला उभा. प्रोफेसर पेशंट आजीबाईंना म्हणाले, ‘तिलिंगिझनी कोरसातिंग’. या पोरानं उझबेक भाषेच्या तासाला ‘तिल’ म्हणजे भाषा असं घोकलेलं, कारण पुस्तकाच्या कव्हरवरच ‘ओझबेक तिली’ लिहिलेलं असतं. त्याला वाटलं सर म्हणताहेत ‘तुमची भाषा दाखवा’, आजीकडे काही कागद-कार्ड असेल. तो उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघायला लागला, आणि आजीनं सरळ जीभ बाहेर काढली. तिल म्हणजे जीभ, तिल म्हणजे भाषा. आपल्याकडे पण ‘जिभेला हाड नाही’, ‘जीभ सैल सुटली’ म्हणतो तेव्हा ती नुसती मांसाची जीभ नसते ना. हा अर्थ त्याला आधी शरीरातून दिला असता, म्हणजे आधी जीभ आणि मग जिभेतून निघते ती भाषा, तर तो कधीच अडला नसता. म्हणून मी आता बॅचला पहिले दोन आठवडे नुसते अवयव देते. बाकीचे अर्थ शरीरातूनच फुटतात.

‘इच’ घे. इच म्हणजे आतला भाग, पोट. ‘इचिम केत्याप्ती’ असं पेशंट म्हणाला तर शब्दशः ‘माझं आतलं जातंय’, म्हणजे जुलाब होताहेत. ‘इची कॉरा’, आतून काळा, म्हणजे दुसऱ्याचं बघवत नाही असा माणूस, आपल्याकडे त्याचं पोट दुखतं. आणि ‘इच’ हाच आवाज क्रियापद म्हणून आला की ‘पी’. ‘दॉरी इच’ म्हणजे औषध पी, आणि तिथं गोळी पण पितात, खात नाहीत. तर पोट, जुलाब, मत्सर आणि पिणं, सगळं एका इच मध्ये, पण वाक्यात गोंधळ होत नाही, कारण क्रियापद नेहमी शेवटी येतं, आपल्या मराठीसारखंच. इच शेवटी असेल तर पिणं, मध्ये असेल तर पोट. इंग्रजीवाल्याला हे समजायला महिना लागतो, तुला एक चहा संपेपर्यंत कळेल.

‘तॉमिर’ म्हणजे शीर, आणि झाडाचं मूळ पण. ‘यॉश’ म्हणजे वय, तरुण, आणि डोळ्यातलं पाणी. ‘नेचा यॉशदासिझ’ म्हटलं तर वय विचारताहेत. ‘कोझ’ म्हणजे डोळा शेजारी आला की अश्रू. ‘युझ’ म्हणजे चेहरा आणि शंभर, पण तिथं कोणी शंभर चेहरे मोजत नाही, तू पण घाबरू नको. ‘तुश’ म्हणजे स्वप्न, दुपार आणि उतर, बसवाला ‘तुशिंग’ ओरडला तर स्वप्न बघत बसू नको.

आणि समरकंदला जातोय म्हणून वेगळं सांगते, तिथं आणि बुखाऱ्याला ताजिक बोलणारे पण खूप आहेत, ती फारसीच्या घरातली भाषा, त्यामुळे एखादा पेशंट भलतंच बोलला तर तुझं उझबेक कच्चं आहे असं समजू नको. वॉर्डात पहिला प्रश्न पाठ ठेव, ‘कायेरिंगिझ ऑग्रियाप्ती’, तुमचं कुठं दुखतंय. उत्तर बोटानं येतं.

प्रश्न : आमचा भाचा ताश्कंदला आहे. तो म्हणतो उझबेकमध्ये आपले निम्मे शब्द आहेत, किताब, बाजार, दोस्त, सवाल, जबाब. मग ही भाषा आपल्याला सोपीच की. (एक काका, भुसावळ)

उत्तर : काका, भाच्याला एकदा बाजारात सब्जी आणायला पाठवा.

तिथं ‘सब्झी’ म्हणजे फक्त गाजर. मी पहिल्या आठवड्यात चोर्सू बाजारात जाऊन मोठ्या तोऱ्यात ‘सब्झी’ मागितली, बाईनं विचारलं किती, मी म्हटलं दोन किलो, आणि दोन किलो पिवळी गाजरं पिशवीत ओतली. आठ दिवस गाजरच खाल्ली.

शब्द दोन्हीकडे आलेत फारसीतून, अरबीतून. आपल्या खान्देशात थाळनेर, बऱ्हाणपूरहून फारुकी सुलतानांनी दोनशेच्या वर वर्षं राज्य केलं, १६०१ मध्ये असीरगड पडला आणि मुघल आले, दफ्तर सगळं फारसीत. आणि मुघल तरी कोण, पहिला बाबर अंदिजानचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातलाच, त्यानं आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिलं जी आजच्या उझबेकची आजी. पण शब्द एका गावाहून निघाला म्हणून दोन्हीकडे एकच काम करेल असं नाही, दोन भाऊ एक मुंबईला गेला एक वावरात राहिला तसं होतं. ‘दफ्तार’ तिथं वही, आपल्याकडे पाठीवरची पिशवी किंवा तहसीलमधला कागदांचा ढीग. ‘हाफ्ता’ तिथं आठवडा. एका पोरानं घरी फोनवर सांगितलं की होस्टेलला ‘हाफ्ता’ संपला, बाप म्हणाला अरे वा, कर्ज फिटलं! ‘तॉमॉशा’ म्हणजे नुसतं बघणं, टीव्ही बघायचा तरी तॉमॉशा, आपल्याकडे तमाशा म्हटलं की ढोलकी नाहीतर भांडण.

आणि दारू. तिथं ‘दॉरी’ म्हणजे औषध, औषधाचं दुकान ‘दॉरिखॉना’. पोरं पहिल्या दिवशी पाटी वाचून एकमेकांना कोपरं मारतात. पण खरं सांगू का, मूळ अर्थ त्यांनीच सांभाळलाय, फारसीत दारू म्हणजे औषधच. आपण ‘दवादारू’ मध्ये तो ठेवला, ‘दारूगोळा’ मध्ये त्याची स्फोटकं केली, आणि नुसती ‘दारू’ म्हटलं की बाकी सगळे अर्थ पिऊन टाकले. हे पोरांना असं सांगितलं तर ‘दॉरी’ जन्मात विसरत नाहीत. ‘जिगार’ पण तसंच, तिथं लिव्हर, आणि सख्ख्या भावा-बहिणीला पण ‘जिगारिम’ म्हणतात. आपल्याकडे लिव्हर गेलं, हिंमत आणि जिगरी दोस्त राहिला.

म्हणून भाच्याला म्हणा, ओळखीचा शब्द दिसला की आधी थांब. अनोळखी शब्द डिक्शनरीत बघतोच माणूस, ओळखीचा कोणी बघत नाही, चूक तिथंच होते.

प्रश्न : ताई, मी धुळ्याहून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. एका बॅचला ताश्कंद आणि फर्गान्याची सहा मुलं आहेत. ते म्हणतात ‘आय ड्रिंक टॅब्लेट’, ‘आय ड्रिंक ब्लू टी’, ‘माय लेग फिंगर इज पेनिंग’. मी चुका लाल करते, दुसऱ्या दिवशी परत त्याच. मला उझबेक येत नाही. काय करू?

उत्तर : अगं, लाल करण्यासारखं काही नाहीये त्यात, ती उझबेक आहे इंग्रजी कपड्यात. आपली पोरं पण ‘आय गेव्ह माय एक्सामिनेशन’ म्हणतातच की.

गोळी पिण्याचं वर सांगितलं. निळा चहा म्हणजे ‘कोक चॉय’, त्यांचा ग्रीन टी. ‘कोक’ मध्ये निळा पण येतो, हिरवा पण येतो, आभाळ पण कोकच. मार लागून काळं-निळं झालं तरी तोच शब्द. त्यांना दोन रंग दिसत नाहीत असं नाही, एका शब्दाच्या डब्यात दोन्ही ठेवलेत एवढंच. (मी ताश्कंदला पहिल्यांदा कोक मागवला आणि समोर हिरवा चहा आला, माझी पण गंमत झाली होती.)

पायाचं फिंगर तर तू समजायला पाहिजे, कारण ते आपलंच आहे. त्यांचं ‘बार्मॉक’ म्हणजे बोट, हाताचं असो पायाचं असो. आपलं पण बोट ते बोट. त्यांचा ‘कोल’ म्हणजे खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हात, आपला हात तसाच. इंग्रजांनाच हँड वेगळा, आर्म वेगळा, फुट वेगळा, लेग वेगळा, फिंगर वेगळं, टो वेगळं. म्हणजे इथं उलटा प्रकार आहे, त्यांच्या एका शब्दाचे इंग्रजीत दोन होतात. एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवणं सोपं, पण एका अर्थाचे दोन तुकडे करायला शिकवणं अवघड, कारण शिकणाऱ्याला तुकडा करायची गरजच वाटत नाही. यावर चित्र हाच उपाय. माणसाचं चित्र काढ, मनगटावर एक रेघ मार, रेघेच्या वर आर्म, खाली हँड. घोट्यावर दुसरी रेघ. व्याख्या नको. आणि आठवडाभर डॉक्टर-पेशंटचं नाटक, ‘व्हेअर डज इट हर्ट’, प्रत्येकानं स्वतःचा अवयव धरून सांगायचं.

‘ओकिमॉक’ साठी सावध राहा, त्यात वाचणं आणि शिकणं दोन्ही येतं, हिंदीच्या पढना सारखं. मुलगा म्हणेल ‘आय रीड इन युनिव्हर्सिटी’, त्याला स्टडी द्यायचं. मला नेहमी वाटतं आपलं वाचणं त्यांना शिकवायला पाहिजे, पुस्तक वाचलं आणि पेशंट वाचला, हे ऐकून ते वेडे होतील. ‘कात्तिक’ म्हणजे कडक, आणि मोठ्या आवाजात, आणि जोरात, सगळंच. ‘ही स्पीक्स हार्ड’ म्हणाले तर लाउड. आणि त्यातला एक त जरी गाळला तर ‘कातिक’ म्हणजे दही.

एक युक्ती सांगते, त्यांच्याच घरातली आहे. तुर्की भाषांत ‘तुयुक’ नावाचा चार ओळींचा काव्यप्रकार आहे, यमकाच्या जागी एकच आवाजाचा शब्द येतो पण प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. अलीशेर नवाईनं (१४४१–१५०१) लिहिलेत, बाबरानं पण. शाळेत शिकलेल्या उझबेक पोराला हे माहीत असतं. त्यांना म्हण, आता असं एक इंग्रजीत करा, ओळीच्या शेवटी ‘लाइट’ येऊ द्या, एकदा दिवा एकदा हलकं. माझ्या वर्गात एका मुलीनं ‘वेल’ वर केलं होतं, विहीर आणि बरं, व्याकरण सगळं गंडलेलं पण तो शब्द त्या वर्गात परत कोणाचा चुकला नाही. नाहीतर त्यांचा जुना विनोद आहेच, ‘ऑल्मा’ म्हणजे सफरचंद आणि ‘ऑल्मा’ म्हणजे घेऊ नको, आईनं पोराला ‘ऑल्मा ऑल्मा’ म्हटलं. फक्त जोर वेगळ्या जागी. त्यावरून सुरू कर, मुलं हसतात, मग तू विचार, इंग्रजीत असं कुठं होतं? ‘रेकॉर्ड’ येईलच कोणाच्या तरी तोंडात.

प्रश्न : ट्रान्सलेशनचं ॲप असताना हे सगळं कशाला? (शिरपूर)

उत्तर : ॲपला पूर्ण वाक्य द्या, बरं काम करतं. एक शब्द दिला की ते आपल्या पारोळ्याच्या पोरासारखंच पहिला अर्थ उचलतं. आणि जुन्या पाट्या, जुनी पुस्तकं तिथं सिरिलिकमध्ये आहेत, १९४० पासून तीच लिपी होती, लॅटिनचा कायदा १९९३ ला झाला आणि दोन्ही अजून चालतात. कॅमेरा धरण्याआधी अक्षर ओळखता आलं तर बरं. बाकी तुमची मर्जी.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला, मेडिकलच्या तयारीत. इंग्रजी मीडियम नाही. बायोलॉजी वाचताना ‘काफ मसल’ ला ‘वासराचं मांस’ म्हणाली, आम्ही खूप हसलो, ती रडली. (एक आई, यावल)

उत्तर : रडवलं कशाला तिला, ती बरोबर होती. काफ म्हणजे वासरूच, पोटरी पण काफच, आणि ज्या घरात गोठा आहे त्या पोरीला आधी वासरूच आठवणार. असे शब्द इंग्रजी अवयवांत पुष्कळ आहेत, ‘टेंपल’ म्हणजे कानशील, ‘पाम’ म्हणजे तळहात, ‘प्युपिल’ म्हणजे बुबुळाच्या मधली बाहुली आणि शाळेतला विद्यार्थी, ‘स्टूल’ म्हणजे बसायचं आणि टेस्टला द्यायचं. ‘पास’ वर तर तिला एक पान लिहायला सांगा, एसटीचा पास, परीक्षा पास, बॉल पास, लघवी पास, आणि पासड अवे. ‘टेंडर’ म्हटलं की तुमच्या घरी सरकारी टेंडर आठवत असेल, पुस्तकात ते दाबल्यावर दुखणारं पोट असतं. एका छोट्या वहीत दोन कॉलम करायला सांगा, डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे दवाखान्यातला, आणि प्रत्येकासमोर एक एक वाक्य तिच्या पुस्तकातलं. पन्नास शब्द झाले की बस. पुढं लागतील तसे.

प्रश्न : आमच्या गावातली पोरं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, वर इंग्रजी. त्यात तुम्ही उझबेक घातली. डोक्याचा भुगा नाही का होणार? (एक आजोबा, साक्री)

उत्तर : आबा, उलट या पोरांना जास्त जमतं असा माझा अनुभव आहे, शब्द घराबाहेर पडला की अर्थ बदलतो हे त्यांना पहिलीपासून माहीत असतं. मागे तुमच्याच भागातल्या एका शाळेत बाहेरगावचे नवे सर धडा वाचत होते, ‘थोर माणसांचा वावर सगळीकडे असतो’. पहिल्या बाकावरचा पोरगा उभा राहिला आणि एकदम सिरियसली विचारलं, ‘सर, कितला बिघा शे?’